तूवाच्या झोपेचं झाड

मी झाडांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या चौदा घरांत माझी ओळख 'हेल्मेट घालून कॉफी पिते ती हेडविग' अशी झाली. गावात घरं सोळाच आहेत. उरलेल्या दोनांतलं एक आमचं, आणि दुसरं एका जर्मन कुटुंबाचं, ते फक्त जुलैत येतं. म्हणजे जुलैत पंधरा घरांत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तूवा, माझी सहा महिन्यांची मुलगी, अंगणातल्या ॲशच्या झाडाखाली बाबागाडीत झोपली होती. आमच्याकडे बाळांनी दुपारची झोप बाहेरच घ्यायची. माझी आई तशीच झोपली, मी तशीच झोपले, जानेवारीत बर्फ पडत असताना लोकरीच्या पिशवीत तूवाही तशीच झोपली. मी कॉफीत घालायला दूध आणावं म्हणून आत गेले. मागून आवाज आला, तोही फार मोठा नाही. जुन्या कपाटाचं दार उघडताना होतो ना, तसा. बाहेर येऊन पाहते तर माझ्या कपाच्या जागी मांडीएवढी जाड फांदी. टेबलाचे दोन तुकडे. बशी मात्र शाबूत. बाबागाडी तिथून चार पावलांवर होती, आणि तूवा झोपलेली होती.

मी किंचाळले नाही. मूल झोपलेलं असताना किंचाळायचं नाही, हे आता माझ्या हाडांत भिनलं आहे. मी बाबागाडी हळूच ढकलत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली, गवतात बसले आणि मग निवांतपणे थरथरले. खडीवर चाक करकरलं तशी तूवा जागी झाली, आणि त्या क्षणापासून त्या झाडाखालची जागा सोडून दुसरीकडे कुठेही झोपायची नाही असं तिनं ठरवलं.

आम्ही काय काय केलं नाही? लाकडांच्या शेडमागे ठेवली, पुढच्या दाराशी ठेवली, सफरचंदाखाली ठेवली. आत खोलीत पडदे ओढून ठेवली, तर तिनं असा सूर लावला की आम्ही स्वतःच बाहेर आलो. माझा नवरा टोर्केल पुलांचा इंजिनिअर आहे. कुठल्याही संकटाला तो मोजपट्टीनं भिडतो. त्यानं फोनवर ॲशच्या पानांची सळसळ रेकॉर्ड केली आणि सफरचंदाखाली वाजवली. तूवानं फोनकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. सहा महिन्यांच्या मुलीच्या नजरेत इतका अपेक्षाभंग असू नये.

मग टोर्केलनं झाड मोजलं. उंची चोवीस मीटर, घरापासून अंतर अकरा मीटर. त्यानं कागदावर झाडाभोवती एक वर्तुळ काढलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. वर्तुळात तूवाची खोली होती, स्वयंपाकघर होतं, पत्रपेटी होती आणि शेजारच्या आस्ताबाईंचं अर्धं कोंबड्यांचं खुराडं होतं.

"अर्ध्या कोंबड्या वाचतील," तो म्हणाला. तो घाबरला की असंच बोलतो.

मी शाळेची ग्रंथपाल. म्हणून मी पुस्तकं काढली. ॲशच्या शेंड्यांचा रोग कुठून येतो, बुरशी कशी आतून पोखरते, बुंध्याशी अळंब्याची काळी टोपी उगवली की त्याचा अर्थ काय, हे सगळं आठवड्याभरात मला पाठ झालं. वाचनानं माणसाची भीती कमी होते असं मी सहावीच्या मुलांना दरवर्षी सांगत आले आहे. पुढच्या वर्षी सांगणार नाही.

आमच्याकडे कुठल्याही घरच्या गोष्टीत पहिला सल्ला एव्हर्टचा असतो, तो मागितला नाही तरी. एव्हर्ट गावातलाच, शहात्तर वर्षांचा आहे, चाळीस वर्षं जंगलखात्याच्या कामावर होता आणि त्याला नऊ बोटं आहेत. तो सायकलवरून उतरला, झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर एक लाथ घातली आणि म्हणाला, शनिवारी माझा ट्रॅक्टर आणतो, वर तार बांधतो, खाली करवत लावतो, जेवायच्या आत काम उरकतो. कुठल्या बाजूला पडेल, असं मी विचारलं. एव्हर्ट दुखावला. म्हणाला, चाळीस वर्षांत एकच झाड माझ्या मनाविरुद्ध पडलं. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. त्यानं हात खिशात घातला.

आता त्याला नाही कसं म्हणायचं? आमच्या गावात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. आम्ही 'बघू या' म्हणतो, आणि मग वर्षभर बघतो. टोर्केलनं शनिवारी आपल्याला मावशीकडे जायचं आहे असं सांगितलं, आणि त्यामुळे शनिवारी आम्हाला खरोखर मावशीकडे जावं लागलं, एकशे ऐंशी किलोमीटर. मावशीला आश्चर्य वाटलं. तूवा गाडीत झोपली, एवढाच फायदा.

पण एव्हर्टचं मन मोठं. पाडायचं नाही तर छप्पर तरी घ्या, असं म्हणून त्यानं त्याच्या गोठ्याचं जुनं दार आणलं, चार जाड खांबांवर आडवं ठोकलं आणि बाबागाडी त्याच्याखाली उभी केली. टोर्केलनं हिशेब केला: बारा मीटरवरून चाळीस किलोची फांदी हे दार पेलेल.

"आणि एक्केचाळीसची पडली तर?" मी विचारलं.

तो उठला. आत जाऊन माझ्यासाठी सायकलचं हेल्मेट घेऊन आला.

असं ते सुरू झालं. वारा असेल त्या दिवशी मी बाबागाडी ढकलत गावाभोवती नऊ किलोमीटर चालायची, कारण चाकं फिरत असली तर तूवा थोडी डुलकी घ्यायची. वारा नसेल त्या दिवशी तूवा दाराखाली झोपायची, आणि मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून, डोक्यावर हेल्मेट घालून, वर बघत बसायची. पुस्तक नाही, फोन नाही, दोन तास नुसतं वर. पोस्टमननं विचारलं, वरून काही येणार आहे का? मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी त्यानं पेटीपर्यंत न येता पत्रं कुंपणावर ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, रीतसर माणूस बोलवायचा की. बोलवणारच होतो. पण मध्ये आस्ताबाई होत्या.

आस्ताबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आमचं घर त्यांचं माहेर. त्यांच्या धाकट्या भावाकडून ते आम्ही तीन वर्षांपूर्वी विकत घेतलं, आणि त्या शेजारच्या लहान घरात राहतात. आणि तो ॲश नुसता ॲश नव्हे, तो घराची राखण करणारा. जुन्या घरांच्या अंगणात असं एक झाड असतं. त्याची डहाळीही मोडायची नाही अशी रीत. आस्ताबाईंच्या आजीनं कळा येत असताना या झाडाला मिठी मारली होती म्हणे. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या वर एक फोटो आहे: झाड, आणि झाडाखाली पाच भावंडं. मधली पोर, पायात मोजे नसलेली, ती आस्ताबाई.

त्या फोटोखाली बसून, बाई, तुमचं झाड तोडतो, असं सांगायला छाती लागते. आम्ही वेलदोड्याचा केक भाजला आणि गेलो. कॉफी झाली. हवापाण्याचं झालं. आस्ताबाई कपाकडे बघत होत्या, मी कपाकडे बघत होते, टोर्केल फोटोकडे बघायचं टाळत होता. मग विषय परसातल्या रुबार्बच्या भाजीचा निघाला, यंदा देठ कसे जाड आलेत वगैरे, आणि आम्ही हातभर रुबार्ब घेऊन घरी आलो. पुढच्या रविवारी पुन्हा केक, पुन्हा रुबार्ब. तिसऱ्या खेपेला मी फाटकाशीच टोर्केलला दटावलं होतं की आज तू बोल. तो बोलला. म्हणाला, "आस्ताबाई, तुम्ही रुबार्बला खत कुठलं घालता?"

आमच्या शीतकपाटात जुलैमध्ये रुबार्बच्या जॅमच्या एकोणीस बाटल्या होत्या. भित्रेपणाला एवढी आंबट चव असते हे मला माहीत नव्हतं.

दरम्यान मी जिल्हा कचेरीला अर्ज केला होता. एवढ्या जाड आणि पोकळ झाडाला हात लावण्याआधी कळवावं लागतं. उत्तर लगेच आलं, अगदी सेकंदात: मी सुट्टीवर आहे, अकरा ऑगस्टला भेटू, उन्हाळ्याच्या शुभेच्छा. जुलैत आमच्या देशात झाड पडू शकतं, पण त्याची नोंद होऊ शकत नाही.

अकरा ऑगस्टनंतर एक अधिकारी आली, उन्हानं रापलेली, खांद्याला पिशवी. मी तिला फांदी दाखवली, टेबलाचे तुकडे दाखवले, बशीही दाखवली. तिनं मान हलवली आणि झाडाच्या ढोलीत डोकं घातलं. पाच मिनिटांनी डोकं बाहेर आलं तेव्हा केसांत भुसा होता आणि चेहरा असा उजळलेला, जशी मी तूवाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उजळले असेन. आत एका दुर्मीळ भुंग्याची विष्ठा होती. तिनं मला चिमूटभर दाखवली. मी कौतुकानं पाहिली. दुसरं काय करणार? आठवड्याभरात अकरा पानी पत्र आलं. सारांश असा: झाड धोकादायक आहे, उतरवावं, पण खालचा चार मीटर बुंधा भुंग्यांसाठी उभा ठेवावा. माझ्या मुलीच्या जिवाचा उल्लेख नवव्या पानावर होता. भुंगे दुसऱ्या पानापासून होते.

मग यूरून आली.

धोक्याची झाडं उतरवणं हा तिचा धंदा. मी कुणीतरी धिप्पाड येईल म्हणून वाट बघत होते, आणि गाडीतून उतरली एक पन्नाशीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई. तिनं लाकडी हातोडीनं बुंध्यावर टकटक केलं आणि कान लावला. एक पाऊल सरकली, टकटक, कान. डॉक्टर छाती तपासतात तशी पूर्ण प्रदक्षिणा. एका जागी टक असा आवाज यायचा, दुसऱ्या जागी डब, रिकाम्या पिंपासारखा. मी नकळत श्वास धरून उभी होते.

"याच्यावर चढायचं नाही," ती म्हणाली. "हा आता कुणाचं वजन घेईल असं वाटत नाही मला. क्रेन लावू."

टोर्केलनं घसा साफ केला. क्रेन जिथून येणार तिथे गवताखाली आमच्या संडासाच्या टाक्या आहेत, तीन. त्यानं मनातल्या मनात हिशेब केलेला दिसला, कारण तो म्हणाला की क्रेन टाकीत जाईल, आणि मग तिला काढायला आणखी एक क्रेन. यूरून हसली नाही. ती मागे वळली आणि कुंपणापलीकडे बघू लागली. तिथे लिंडनचा एक वृक्ष उभा आहे, ॲशपेक्षाही उंच, हिरवागार, आडदांड.

"तो कुणाचा?" तिनं विचारलं. "दोर त्याला बांधला तर माझं सगळं वजन तो घेईल. या म्हाताऱ्याला मी नुसते पाय टेकवीन."

तो आस्ताबाईंचा होता.

त्या दिवशी मी केक भाजला नाही. एकटीच गेले. आस्ताबाईंनी कॉफी ओतली आणि मी ती थंड होऊ देता देता म्हटलं, तुमच्या लिंडनला एक दोर बांधायचा होता. त्यांनी विचारलं, कशासाठी? मी फोटोकडे पाहिलं, अनवाणी पोरीकडे पाहिलं, आणि म्हटलं, "ॲश उतरवायचा आहे. तूवासाठी."

आस्ताबाईंनी कप खाली ठेवला. बाहेर एक कोंबडी, वर्तुळातली की बाहेरची कोण जाणे, कुरकुरली.

"किती उशीर केलात गं पोरी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ये इकडे." त्यांनी मला उठवून खिडकीशी नेलं. खिडकीत एक खुर्ची होती, तिच्यावर उशी, काठावर चष्मा आणि दुर्बीण. तिथून आमचं अंगण सरळ दिसत होतं. गोठ्याचं दार, बाबागाडी, माझी खुर्ची. "ती फांदी पडली ना, तेव्हापासून. रोज. ती झोपली की मी इथे बसते, उठेपर्यंत. तू वर बघतेस, पण तुझ्या पाठीमागची बाजू तुला दिसत नाही. ती मी बघते."

तीन महिने. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"कसं बोलणार? घर बघायला आलात तेव्हा तुझ्या नवऱ्यानं झाडाला मिठी मारली आणि म्हणाला, याच्यासाठीच घर घेतो. तीन रविवार तुम्ही आलात, तीनही वेळा मी ठरवलं होतं की आज सांगायचं, हा आजारी आहे, याला काढा. आणि तुमचे चेहरे बघून रुबार्ब काढून दिला."

टोर्केलनं मिठी मारली होती हे खरं. तळघराच्या भिंतीला पडलेली भेग पाहून त्याला काहीच बोलता येईना, म्हणून त्यानं समोर दिसलेल्या झाडाचं कौतुक केलं होतं. एवढ्याशा संकोचातून हे सगळं रामायण, असं त्या चौदा घरांतल्या एका घरात लग्न होऊन आलेल्या मराठी शेजारणीनं नंतर हसत म्हटलं, आणि तो शब्द मला फार आवडला.

दोर बांधायला आस्ताबाईंची हरकत नव्हती. त्यांची एकच अट होती: झाडाला विचारल्याशिवाय नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी यूरून आली, सोबत ओस्तेन नावाचा तिचा जोडीदार, साठीचा, अबोल, अस्वलासारखा. तूवाला घेऊन टोर्केल आस्ताबाईंच्या स्वयंपाकघरात बसला. मला कुंपणाबाहेर उभं राहायला सांगितलं. एव्हर्ट आधीच येऊन उभा होता, हाताची घडी घालून, कुठे चुकतात ते बघायला.

आस्ताबाई चर्चला जायचा काळा पोशाख घालून आल्या. काठी टेकत गवतातून झाडापर्यंत गेल्या. सालीवर तळवा ठेवला. मग काठी झाडाला टेकवली, स्कर्टच्या दोन्ही कडा चिमटीत धरल्या आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनी त्या वाकल्या, शाळकरी मुली पाहुण्यांपुढे वाकत तशा.

"खूप राखलंस," त्या झाडाला म्हणाल्या. "आता पुढचं आम्ही बघतो."

यूरूननं हेल्मेट काढलं होतं. एव्हर्टची टोपी हातात होती. मीही माझं हेल्मेट काढायला हवं होतं, पण बंद सापडेना.

त्यानंतर जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. यूरून लिंडनवर गेली, इतक्या सहज, जसं कुणी माळ्यावर कांदे आणायला जावं. तिथून दोरावर तोलत हवेतून ॲशच्या माथ्यात उतरली. तिचे पाय फांद्यांना टेकत होते, पण फांदी वाकत नव्हती. वीस मीटरवर ती जागा बदलायची, दोर सरकवायची, करवत चालवायची, थांबून ऐकायची. दर फांदीला आधी एक दोर, मग काप, आणि खाली ओस्तेन लिंडनच्या बुंध्याला बांधलेल्या पोलादी नळकांड्याभोवती तोच दोर गुंडाळून हळूहळू सोडायचा. एव्हर्टनं पहिल्या तासात दोन सूचना केल्या. दुसऱ्या तासात तो गप्प झाला. तिसऱ्या तासात मला म्हणाला, "चाळीस वर्षं मी झाडं पाडली गं. हे काहीतरी वेगळंच आहे."

शेवटी मोठी फांदी राहिली, तूवाच्या खिडकीवर झुकलेली. ती फांदी नव्हतीच, आडवं झाड होतं. करवत थांबली. सगळं अंगण थांबलं. फांदी सुटली, दोर ताणला गेला, लिंडन वरपासून खालपर्यंत एकदा कण्हला, आणि ते धूड तूवाच्या खिडकीसमोरून, काचेला एका पानाचाही स्पर्श न होता, खाली येऊ लागलं. मला ते येताना ऐकू आलं नाही. गवतावर टेकलं तेही ऐकू आलं नाही. आणि टेकल्यावरही ओस्तेननं दोर सोडला नाही. तसाच धरून उभा राहिला. मी मनात दहा मोजले. मग त्यानं एकेक बोट सैल केलं.

दुपारी जेवताना, कधी नव्हे तो रुबार्बचा जॅम सत्कारणी लागत असताना, मी त्याला विचारलं की टेकल्यावर तो कशासाठी थांबतो.

ओस्तेननं घास संपवला. "लगेच सोडलं तर दचकून उलटते," तो म्हणाला. "तिला आधी कळू द्यायचं, की जमीन आली."

सात पुस्तकं वाचली होती मी मुलांच्या झोपेवर. एकातही हे वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी बाबागाडी पुन्हा तिथेच उभी केली. आता तिथे चार मीटरचा बुंधा होता, भुंग्यांनी भरलेला, वर काही नाही. तूवाला खाली ठेवलं आणि हात तसेच राहू दिले, दहा मोजेपर्यंत. मग एकेक बोट काढलं.

ती झोपली नाही. रडलीही नाही. जन्मापासून तिच्या डोक्यावर फांद्या होत्या, आणि आज तिथे आकाश होतं, एवढं मोठं, मधोमध एक पांढरा ढग. दोन्ही मुठी छातीशी धरून, तोंड थोडं उघडं, ती बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं, मग ती जिकडे बघत होती तिकडे. तीन महिन्यांत प्रथमच वर बघताना मला खाली काय पडेल याची काळजी नव्हती.

मग सवयीनं आस्ताबाईंच्या खिडकीकडे नजर गेली. त्या आपल्या जागी होत्या. मान एका बाजूला कलली होती, चष्मा नाकाच्या टोकावर आला होता, दुर्बीण मांडीत होती. झोपल्या होत्या, गाढ.

खडीवर सायकल करकरली. एव्हर्ट येत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की काहीतरी टोमणा जिभेवर तयार आहे, कारण हेल्मेट अजून माझ्या डोक्यावर होतं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकी दाखवली.

एव्हर्टनं पाहिलं. सायकलवरून उतरला. क्षणभर खडीकडे बघितलं, मग शहात्तर वर्षांच्या त्या माणसानं सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि रस्त्याच्या कडेच्या गवतातून, एकेक पाऊल जपून टाकत, पुढे निघून गेला.

मी हेल्मेट काढलं आणि टेबल नव्हतं म्हणून बुंध्याशी ठेवलं. आस्ताबाईंची झोप राखायची पाळी आता माझी होती.